साक्ष आणि सदसद्विवेक : मराठी ख्रिस्ती गद्यातील नैतिक जबाबदारीचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखकांची नोंद बहुधा दोन पद्धतींनी होत आली आहे. पहिल्या पद्धतीत हे लेखक मिशनरी कार्याच्या प्रकरणात येतात. कोश, व्याकरणे, ‘ज्ञानोदय’सारखी नियतकालिके आणि पहिली कादंबरी यांच्या यादीत त्यांचे नाव लागते आणि त्यांचा विचार तेथेच संपतो. दुसऱ्या पद्धतीत ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यासारखे मोजके लेखक मुख्य प्रवाहात घेतले जातात, पण त्यांचे ख्रिस्तीपण उंबऱ्याबाहेर ठेवून. टिळक फुलामुलांचे कवी होतात. लक्ष्मीबाई प्रसन्न विनोदाच्या आणि निर्व्याज शैलीच्या लेखिका ठरतात. पहिल्या पद्धतीला धर्म दिसतो, वाङ्मय दिसत नाही. दुसरीला वाङ्मय दिसते, पण ते ज्या नैतिक पेचातून जन्माला आले तो पेच दिसत नाही. श्रद्धा अन्यायासमोर उभी राहते तेव्हा ती लेखनाच्या रचनेत कोणता बदल घडवते, निवेदक, वाचक आणि दोषी यांचे परस्परसंबंध कसे पालटते, हा खरा समीक्षेचा प्रश्न. तो दोन्ही पद्धतींत अनुत्तरित राहतो.

वाईचा संदर्भ या प्रश्नाला उद्बोधक आहे. कृष्णाकाठचे हे गाव घाटांचे, देवळांचे आणि शास्त्राध्ययनाचे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झालेले पंडित, यांच्या प्राज्ञपाठशाळेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धर्मशास्त्राकडे चिकित्सक दृष्टीने पाहणारी एक परंपरा येथे रुजवली. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे याच पाठशाळेत अध्ययनासाठी येऊन राहिले. त्याच वर्षी, वाईहून फार दूर नसलेल्या साताऱ्यास, ना. वा. टिळक अमेरिकन मराठी मिशनची चाकोरी सोडून वास्तव्यास आले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करण्याच्या कामाला लागले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधण्याचे प्रयोजन नाही. परंतु धर्माने कोणापुढे जबाब द्यायचा, हा एकच प्रश्न एकाच जिल्ह्यात, एकाच काळी, दोन निराळ्या भाषांत विचारला जात होता. वाईत तो ग्रंथाच्या अर्थनिर्णयातून विचारला गेला, साताऱ्यात ख्रिस्ताच्या अनुसरणातून. मराठीतील ‘सदसद्विवेकबुद्धी’ या शब्दाच्या पोटात या दोन्ही भाषा एकवटल्या आहेत, म्हणून विवेचनाचा आरंभ त्या शब्दापासून करावा लागतो.

‘सदसद्विवेकबुद्धी’ हा सामासिक शब्द दिसायला शास्त्रपरंपरेतला. सत् आणि असत् यांचा विवेक करणारी बुद्धी, असा त्याचा सरळ विग्रह होतो. मराठी बायबलात मात्र तो ज्या ग्रीक संकल्पनेसाठी योजला गेला, तिच्या मुळाशी बुद्धीपेक्षा साक्षीची कल्पना आहे. पौलाच्या पत्रांत येणाऱ्या ‘सुनैदेसिस’ या शब्दाचा धात्वर्थ ‘सोबतीने जाणणे’ असा आहे. माणूस करतो ते त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी जाणत असते आणि ते जाणणे वेळ येताच त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देते. विवेक करणारी बुद्धी न्यायाधीशाच्या आसनावर बसते. सोबतीने जाणणारे अंतःकरण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहते. मराठीने दुसऱ्या अर्थासाठी पहिल्याचा शब्द घेतला, आणि त्यामुळे एक अर्थपूर्ण ताण भाषेतच कायमचा राहिला.

हा ताण लोकमान्य टिळकांनी अचूक ओळखला होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिदैवत पक्षाची चर्चा करताना त्यांनी ‘सदसद्विवेकदेवता’ असा शब्द योजला. माणसाच्या मनात बऱ्यावाइटाचा तत्काळ निर्णय देणारी एक स्वतंत्र देवता वसते, हे पाश्चात्त्य मत त्यांना मान्य नव्हते. सरावाने तरबेज झालेला माणूस झटकन हिशेब करतो म्हणून त्याच्या ठायी हिशेबाची निराळी देवता मानावी लागत नाही, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद आहे. बुद्धी एकच, ती शुद्ध असेल तर तिचा निर्णय ग्राह्य, अशुद्ध असेल तर त्याज्य. शुद्ध कोणाची? तर आत्मज्ञानाने सम झालेल्या स्थितप्रज्ञाची. हा विचार तर्कदृष्ट्या भक्कम आहे. परंतु त्यातून एक परिणाम संभवतो. निर्णयाचा अधिकार सिद्ध पुरुषाकडे जातो आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्या असिद्ध, अशिक्षित, बहुधा स्त्री किंवा शूद्र असलेल्या माणसाचे आतून उठणारे ‘हे योग्य नव्हे’ प्रमाण ठरण्याआधी त्याला बुद्धिशुद्धीची परीक्षा द्यावी लागते.

अर्थात लोकमान्यांच्या शंकेला संस्कृत वाङ्मयातच आधार सापडतो. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेविषयीची अभिलाषा ग्राह्य ठरवताना सज्जनाच्या अंतःकरणप्रवृत्तीला प्रमाण मानतो. आणि पुढे राजसभेत तीच शकुंतला समोर उभी असता त्याचे तेच अंतःकरण तिला ओळखतही नाही. शापाची योजना नाट्यदृष्ट्या काहीही साधो, इच्छेच्या बाजूने बोलणारे अंतःकरण जबाबदारीच्या वेळी मुके होऊ शकते, हे या नाटकाने नोंदवून ठेवले आहे. तेव्हा प्रश्न असा की, अंतःकरणाच्या साक्षीला कसोटी कोणती?

हिब्रू परंपरेत या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने दिलेले नाही, एका गोष्टीने दिले आहे. आणि समीक्षेच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे. दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला युद्धात मरणाच्या तोंडी दिले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि एक साधी गोष्ट सांगतो. पुष्कळ मेंढरे असलेल्या श्रीमंताने गरिबाची एकुलती, लेकीसारखी वाढवलेली मेंढी हिसकावून पाहुण्यासाठी कापली. राजा संतापतो आणि त्या श्रीमंताला मृत्युदंड योग्य असल्याचे बोलून जातो. तेव्हा नाथान त्याला सांगतो की, तो श्रीमंत तूच आहेस. या गोष्टीचे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे. श्रोता प्रथम न्यायाधीश होतो, त्याची विवेकबुद्धी निर्दोष चालते आणि त्याच निर्दोष निर्णयाने तो आरोपी ठरतो. बुद्धी आणि साक्ष यांची गाठ येथे पडते. अन्यायाविषयीच्या लेखनाला यापेक्षा कठोर कसोटी क्वचितच मिळेल. लेखन वाचकाला, आणि लेखकाला, न्यायासनावर बसवून थांबते की तेथून उठवून पिंजऱ्यात उभे करते, हे या कसोटीवर पाहता येते. मराठी ख्रिस्ती गद्यातील तीन टप्पे त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

पहिला टप्पा बाबा पदमनजींचा. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींनी तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचे स्थान निर्विवाद आहे. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात, ठिकठिकाणच्या विधवांची दैन्यावस्था पाहतात, आणि अखेरीस विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना स्वतःच त्या अवस्थेला येऊन पोचते. पाहणारी व्यक्ती भोगणारी होते, ही कल्पना विलक्षण शक्यतांची आहे. प्रवास हे निव्वळ निवेदनतंत्र न राहता नियतीचे रूपक होण्याची बीजे तिच्यात आहेत. वैधव्याचे दुःख हे देवाने दिलेले नाही, माणसांनी लादलेले आहे, हे मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे कथारूपाने मांडण्याचे श्रेयही पदमनजींचेच.

तथापि, नाथानाच्या गोष्टीतील वळण येथे अपुरे राहते. यमुनेचा प्रश्न धर्मांतराने आणि पुनर्विवाहाने सुटतो. आणि धर्मांतर हे उत्तर लेखकाच्या हाती कथेच्या आरंभीच तयार आहे. त्यामुळे ज्या समाजात अन्याय घडतो तो सर्वस्वी दुसऱ्या बाजूला राहतो. ख्रिस्ती वाचकाला या कथेत आरोपी होण्याचा प्रसंग येत नाही आणि हिंदू वाचकाला येतो तो परक्या न्यायासनासमोर उभे केल्यासारखा. परिणामी त्याला बचावाची वाट मोकळी मिळते. लेखक खोटे लिहितो म्हणून नव्हे, तर त्याची साक्ष त्याला स्वतःला काही किंमत मोजायला लावत नाही म्हणून. विशेष असे की, व्यक्तिगत जीवनात पदमनजींनी ती किंमत मोजली होती. घर, जात आणि आप्त यांपासूनच्या तुटलेपणाची कहाणी त्यांच्या ‘अरुणोदय’ या १८८८ मधील आत्मचरित्रात येते. कादंबरीकार पदमनजींना जे साधले नाही ते आत्मचरित्रकार पदमनजींना काही अंशी साधले, याचे कारण रूपबंधाच्या भेदात आहे. आत्मचरित्रात साक्षीदाराला स्वतःची उलटतपासणी टाळता येत नाही.

दुसरा टप्पा पंडिता रमाबाईंचा, आणि तो या विषयाचा केंद्रबिंदू आहे. रमाबाईंचे धर्मांतर हा मराठी समाजाने एक घटना म्हणून पुष्कळ चघळला. त्यामागील नैतिक तर्क मात्र थोड्यांनीच पाहिला. १८८३ साली इंग्लंडात गेल्यावर वाँटेजच्या भगिनीसंघाने लंडनजवळ फुलहॅम येथे चालवलेले काम त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते. अशा स्त्रियांसाठी धर्मशास्त्रांत कठोर दंड वाचलेल्या या संस्कृत पंडितेला त्या वागणुकीचे मूळ हवे होते, आणि ते तिला योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत सापडले. म्हणजे येथे श्रद्धा आधी आणि न्याय नंतर असा क्रम नाही. अन्यायाला मिळालेले प्रत्युत्तर प्रथम दिसले आणि त्याच्या मुळाचा शोध घेता घेता श्रद्धा आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. नव्या धर्मात गेलेल्या व्यक्तीकडून कृतज्ञ मौनाची अपेक्षा असते. रमाबाईंनी ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच मोडून काढली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धांतापासून क्रूसावरील लॅटिन अक्षरांपर्यंत अनेक बाबींवर त्यांनी वाद घातला. ते शब्द आपल्या लोकांना कळणाऱ्या भाषेत का असू नयेत, हा त्यांचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी त्यामागे देव कोणत्या भाषेत बोलतो याविषयीचा गंभीर विचार आहे. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास चर्चच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हाही त्यांनी ती निमूट स्वीकारली नाही. पुरोहितांच्या एका वर्गाची सत्ता झुगारून आपण आलो ते दुसऱ्या वर्गाच्या सत्तेखाली जाण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. सदसद्विवेक ही कोणत्याही संस्थेकडे गहाण टाकण्याची वस्तू नव्हे, ही भूमिका एका मराठी स्त्रीने १८८५ च्या आसपास अँग्लिकन चर्चसमोर मांडली, याची नोंद मराठी विचाराच्या इतिहासात अजूनही पुरेशी झालेली नाही.

हीच दिशा त्यांच्या सार्वजनिक लेखनात दिसते. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात रखमाबाई खटल्याचा उल्लेख येतो. बालपणी लावून दिलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंना न्यायालयाने त्याच वर्षी नवऱ्याकडे जाण्याचा, नाहीतर कारावास भोगण्याचा आदेश दिला होता. रमाबाई येथे केवळ रूढीला दोष देऊन थांबत नाहीत. इंग्रज सरकार आणि हिंदी पुरुषवर्ग यांच्यात एक अलिखित करार आहे आणि स्त्रीचा बळी हे त्या कराराचे मोल आहे, असे त्या सुचवतात. ग्रंथ अमेरिकन वाचकांच्या सहानुभूतीसाठी आणि देणग्यांसाठी लिहिला जात होता. त्या वाचकाला हिंदू समाजावर न्यायाधीश म्हणून बसणे सोयीचे होते. अशा वाचकासमोर ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांना आरोपी करणे, हे नाथानाचेच वळण होय.

१८९७ साली त्याची कसोटी अधिक धारदार झाली. पुण्यात प्लेगच्या काळात रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न त्यात होता. पत्राचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांच्या वर्तनाविषयी इंग्लंडात केलेली विधाने पुराव्याअभावी गोपाळ कृष्ण गोखले यांना त्याच वर्षी माफी मागून मागे घ्यावी लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पत्रातील धोका कळतो. आणखी एक संदर्भ त्याला आहे. चारच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, शारदासदनातील मुलींच्या धर्मांतराच्या वादात पुण्यातील वृत्तपत्रांनी, विशेषतः ‘केसरी’ने, त्यांच्यावर सडकून टीका केली होती आणि रानडे-भांडारकरांसारखे सहानुभूतीदारही सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. ज्या शहराने त्यांना परकी ठरवले त्याच शहरातील स्त्रियांसाठी त्या स्वधर्मीय राज्यकर्त्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. आपल्या बाजूच्या माणसांविरुद्ध दिलेली साक्ष हीच साक्षीची खरी कसोटी मानली, तर रमाबाई त्या कसोटीस उतरतात.

मात्र समीक्षेने येथे थांबून केवळ गौरव करणे म्हणजे रमाबाईंनीच शिकवलेल्या कठोरपणाशी प्रतारणा ठरेल. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रियांना मृत्यूच्या दारातून केडगावला आणले. मुक्ती सदनाचे हे कार्य कोणत्याही काळात असामान्य ठरावे. पण आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातील नाते समान नसते. जिच्या पोटात अन्न नाही, जिला परतायला घर नाही, तिच्या धर्मनिर्णयात तिच्या स्वतःच्या सदसद्विवेकाला किती वाव होता? रमाबाईंनी स्वतःसाठी बिशपांकडून जे स्वातंत्र्य हक्काने मागितले ते त्यांच्या छत्राखालील मुलीला त्यांच्याकडून मागता येत होते काय? या मुलींचे आवाज आपल्यापर्यंत येतात ते बहुतांशी संस्थेच्या परदेशी हितचिंतकांसाठी काढलेल्या इंग्रजी वृत्तान्तांतून. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर संहितेच्या मौनातच शोधावे लागते. रमाबाईंच्या उत्तरकालीन लेखनात पापाची आणि तारणाची भाषा जसजशी दाट होत जाते, तसतसे आश्रित स्त्रीच्या नकाराला तिच्यात स्थान उरत नाही. प्रश्न रमाबाईंच्या हेतूचा नाही. करुणेला सत्ता प्राप्त झाली की तिलाही नाथानाची गरज लागते, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा टप्पा ‘स्मृतिचित्रे’चा. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची मराठी समीक्षेने मनापासून वाखाणणी केली, पण ती शैलीच्या अंगाने. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे आरंभीचे चित्रण हे तिच्या विनोदाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितले जाते. १८५७ च्या धामधुमीत आप्ताला झालेल्या फाशीनंतर वडिलांना लागलेले हे वेड घरातल्या मीठसाखरेपर्यंत सर्व काही धुवायला लावते आणि लेकीसुनांचे जिणे नकोसे करते. हा विनोद निरागस आहे, असे समजले गेले. वस्तुतः तो संपूर्ण ग्रंथाच्या नैतिक रचनेचा पाया आहे.

कारण याच लक्ष्मीबाई पुढे, १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर, स्वतःचे सोवळे जिवापाड सांभाळताना दिसतात. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर पतीजवळ राहायला येऊनही त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा राहतो. वडिलांच्या अतिरेकाला हसलेला वाचक या सोवळ्याला मात्र हसत नाही. ते त्याला स्वाभाविक, कदाचित आदरणीयही वाटते. मग एका टप्प्यावर, बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच, लक्ष्मीबाई जातिभेदाचा स्वतःशी विचार करतात. जाती देवाने केल्या नसून माणसांनी केल्या, हे त्यांना कळते आणि त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. या क्षणी वाचकाला उमगते की, वडिलांचे वेड आणि लक्ष्मीबाईंचे सोवळे यांत फरक होता तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे. आणि ज्या मराठी मध्यमवर्गीय वाचकाने तीस-चाळीस पाने हसत घालवली तो अचानक स्वतःच्या माजघरात उभा असतो. मीठ धुणाऱ्या माणसाला वेडे ठरवणारा वाचक पाण्याचा वेगळा हंडा ठेवणाऱ्या स्वतःला काय म्हणणार? नाथानाच्या गोष्टीचे इतके सहज आणि इतके बेमालूम मराठी रूप दुसरे सापडणे कठीण.

या रचनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, आरोपींच्या रांगेत लेखिका स्वतः सर्वांच्या आधी उभी आहे. म्हणून तिच्या साक्षीत उपदेशाचा सूर उमटत नाही. दुसरी, जातिभेदाचा त्याग धर्मांतराच्या आधी येतो. पदमनजींच्या कथेत धर्मांतर हे अन्यायावरचे उत्तर होते. लक्ष्मीबाईंच्या कथेत अन्यायाची ओळख ही श्रद्धेची वाट होते. फुलहॅमच्या अनुभवातून जाणाऱ्या रमाबाईंचा क्रमही हाच होता. या क्रमबदलामुळेच मराठी ख्रिस्ती गद्य प्रचाराच्या कक्षेतून साक्षीच्या कक्षेत आले, असे म्हणता येते.

ना. वा. टिळकांचे १९१७ मधील पाऊल याच प्रकाशात पाहावे लागते. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीला मिशनच्या व्यवस्थेतील परदेशी पालकत्व खटकत होते. ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न होता. म्हणजे धर्मांतराच्या ज्या रेषेवर पदमनजींच्या काळात सारा भर होता ती रेषाच टिळकांनी पुसट केली. साताऱ्यातील हा प्रयोग त्यांच्या हातून पूर्ण झाला नाही. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु आपल्या मंडळीच्या सुखद निश्चिततेविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य त्यात होते, आणि ते रमाबाईंच्या पत्रांशी नाते सांगणारे आहे.

येथे पुन्हा वाईकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुधर्माची समीक्षा’ या ग्रंथात स्वतःच्या परंपरेला बुद्धिवादाच्या कसोटीवर उभे केले. अस्पृश्यतेच्या प्रश्नात महात्मा गांधींना शास्त्राधार पुरवणारा आणि १९३३ मध्ये देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य करणारा हा पंडित ईश्वराच्या साक्षीची भाषा बोलत नव्हता. त्याची भाषा विवेकाची, चिकित्सेची होती. तरीही ज्या शास्त्रात आपण वाढलो त्याच शास्त्राला आरोपी करण्याची नैतिक कृती दोन्हीकडे सारखीच आहे. लोकमान्यांना भिन्न वाटलेली सदसद्विवेकदेवता आणि शुद्ध बुद्धी यांचे अंतर अशा ठिकाणी मिटते. रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातर्फे. आणि तर्कतीर्थांनी त्या मंडळाचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले होते. पुण्याने दूर लोटलेल्या ख्रिस्ती पंडितेची साक्ष तिच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी मराठी राज्याच्या एका सांस्कृतिक संस्थेने जपली, ही गोष्ट केवळ प्रकाशनाच्या इतिहासात जमा करण्यासारखी नाही.

परंतु दोन्ही परंपरांपुढे एक प्रश्न उरतोच. अन्याय ज्याने भोगला त्याच्या स्वतःच्या साक्षीला या लेखनात किती जागा आहे? पदमनजी, रमाबाई, टिळक दांपत्य आणि तर्कतीर्थ हे सारेच, कमीअधिक फरकाने, वरच्या जातींतून आलेले साक्षीदार आहेत. अहमदनगर परिसरात ज्या महार-मांग कुटुंबांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांची जात चर्चच्या दाराशी गळून पडली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मूळच्या अस्पृश्य ख्रिस्ती समाजाला नाकारल्या, आणि ती स्थिती आजही कायम आहे. एकीकडे राज्यसंस्था या माणसाला धर्मामुळे दलित मानत नाही. दुसरीकडे स्वतःची मंडळी त्याला जातीमुळे पूर्ण ख्रिस्ती मानत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सदसद्विवेकाची पुढची परीक्षा या ठिकाणी आहे. नाथानाचे बोट आता मंडळीच्या पहिल्या बाकाकडे वळायला हवे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण या संदर्भात आशादायक आहे. वसईत जमिनी गिळणाऱ्या शक्तींविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत त्यांनी धर्मगुरूच्या झग्यासह उडी घेतली. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला त्यांच्या धर्मामुळे झालेला विरोध हे मराठी साहित्यव्यवहारातील जुन्या पूर्वग्रहाचे लक्षण होते. त्यांनी अध्यक्षपदावरून वाढत्या असहिष्णुतेविषयी स्पष्ट बोलणे हे त्या पूर्वग्रहाला दिलेले योग्य उत्तर होते. २०२४ मध्ये ते निवर्तले.

मराठी समीक्षेने या परंपरेकडे पाहताना धर्मांतर ही चरित्रातील घटना आणि शैली हा वाङ्मयीन गुण, अशी सोयीची विभागणी सोडून दिली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद त्यांच्या नैतिक निर्णयापासून वेगळा काढता येत नाही. रमाबाईंच्या वादपटुत्वाला त्यांच्या श्रद्धेतून बळ मिळते आणि त्यांच्या मर्यादाही तेथूनच येतात. अन्यायासमोर श्रद्धेचे काय होते, हे श्रद्धेच्या घोषणेवरून कळत नाही. लेखक कोणाला आरोपी करतो, स्वतःला त्यातून वगळतो की नाही आणि वाचकाला कोठे उभे करतो, यावरून ते कळते. ही कसोटी ख्रिस्ती लेखनापुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. सामाजिक जाणिवेचा दावा करणाऱ्या सर्वच मराठी लेखनाला ती लावून पाहता येईल; आणि तशी लावली असता ‘स्मृतिचित्रे’ किंवा रमाबाईंची पत्रे कोणत्या खात्यात ठेवायची, हा प्रश्न आपोआप निकालात निघेल.